चित्राची पाठ आधी वाचावी : घरातील चित्रांचे जतन आणि नोंद

वाटणीच्या वेळी भांडी मोजली जातात, सोने तोलले जाते, सात-बारा काढला जातो. भिंतीवरचे चित्र मात्र ‘राहू दे तिथेच’ म्हणून राहते आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी माळ्यावर जाते. सातारा-सांगली भागातील जुन्या घरांत अशी चित्रे आजही बरीच आहेत. काही शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी सुट्टीत रंगवलेली कृष्णाकाठची दृश्ये असतात, काही पणजोबांची तैलरंगातील व्यक्तिचित्रे असतात, तर काही कुणीतरी हौसेने मुंबई-कोल्हापूरच्या प्रदर्शनांतून विकत आणलेली असतात. अशी दोन-चार चित्रे ज्यांच्या हाती नुकतीच आली आहेत आणि त्यांचे नेमके काय करावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

चित्राचे मोल मुख्यतः ते कोणाच्या हातचे आहे यावर ठरते आणि त्यात आपण काही फरक करू शकत नाही. परंतु दोन गोष्टी पूर्णपणे मालकाच्या हाती असतात. चित्र कोणत्या स्थितीत आहे ही एक, आणि ते त्याच चित्रकाराचे आहे असे दाखवणारे किती पुरावे त्याच्यासोबत शिल्लक आहेत ही दुसरी. हे पुरावे बहुधा चित्राच्या मागच्या बाजूला असतात, आणि ते नाहीसे होतात तेही बहुतेक वेळा आपण हौसेने चित्राची ‘काळजी घेतो’ त्या दिवशी.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या घरातले एक छोटे जलरंगचित्र मी काही वर्षांपूर्वी नव्या फ्रेमसाठी दिले. जुन्या फ्रेमच्या मागे पिवळ्या पडलेल्या कागदावर प्रदर्शनाची चिठ्ठी होती. तिच्यावर चित्रकाराचे पूर्ण नाव, चित्राचा अनुक्रमांक आणि शाईने लिहिलेली किंमत होती. आठ दिवसांनी चित्र झकास सोनेरी फ्रेममध्ये परत आले. मागे कोरा तपकिरी कागद होता आणि त्यावर दुकानाचे स्टिकर. जुना कागद कुठे आहे असे विचारल्यावर ‘तो फाटका होता, टाकला’ असे साधे उत्तर मिळाले. दोष दुकानदाराचा म्हणावा तर त्याला तसे कोणी सांगितलेच नव्हते. चित्राच्या कोपऱ्यात ‘ग. वि.’ ही दोनच अक्षरे आहेत; ती कोणाची, हे आता आमच्या सांगण्यावर विसंबून आहे.

पहिली पायरी : उतरवणे आणि हाताळणे

चित्र भिंतीवरून काढण्याआधी ते जिथे ठेवायचे ती जागा तयार करावी. मोकळे टेबल पुसून कोरडे करावे आणि त्यावर धुतलेले मऊ सुती कापड अंथरावे. हातातील अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलू नये, कारण जुन्या फ्रेमचे कोपरे निखळलेले असतात. एक हात खाली आणि एक बाजूला ठेवून, चित्राचा दर्शनी भाग स्वतःकडे करून न्यावे. चित्र मोठे असेल तर दोघांनी न्यावे आणि वाटेतली दारे आधी उघडून ठेवावीत. ही सूचना बावळटपणाची वाटेल, पण चित्रे फाटतात ती बहुधा दाराच्या कडीला आणि खुर्चीच्या पाठीला अडकून.

कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बोट टेकवू नये. मागून दिलेला हलकासा दाबही काही वर्षांनी पुढच्या बाजूला गोलाकार तड्यांच्या रूपाने दिसू लागतो. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर चित्र कधीही पालथे घालू नये. ते भिंतीला तिरपे टेकवून मागची बाजू पाहावी. खाली पडलेले पापुद्रे झाडून टाकू नयेत. स्वच्छ कागदी पाकिटात गोळा करून ते चित्राच्या कोणत्या भागातून पडले हे पाकिटावर लिहावे. संवर्धकाला, म्हणजे जुन्या चित्रांचे जतन व दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला, ते परत बसवता येण्याची शक्यता असते.

दुसरी पायरी : पाठ वाचणे

आता सावकाश मागची बाजू वाचावी, कारण नवख्या माणसाला सर्वांत अधिक माहिती इथेच मिळते. लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे, कॅनव्हास किंवा कागद पुरवणाऱ्या दुकानाचा शिक्का, जुन्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचे लेबल, भेट देणाऱ्याचे नाव, वाटणीत कोणाच्या वाट्याला गेले याची खूण, असे काहीही असू शकते. आपल्याकडे फ्रेमच्या मागे वर्तमानपत्राचा कागद लावण्याची पद्धत होती. त्या कागदावर तारीख सापडली तर ती टिपून घ्यावी. मात्र ती चित्राची तारीख नव्हे. त्या तारखेआधी ही फ्रेम झालेली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. जुन्या घराण्यांतील चित्रांवर मोडी लिपीतला मजकूर असेल तर ‘काहीतरी गिरगटले आहे’ असे समजून तो खोडू नये, त्याचा स्पष्ट फोटो घेऊन मोडी वाचणाऱ्याला दाखवावा. वर्ष शके पद्धतीने लिहिलेले असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी तो ७९ येतो, म्हणून नोंदीत मूळ शकही तसाच लिहून ठेवावा.

कॅनव्हास ताणलेल्या चौकटीच्या कोपऱ्यांत लहान लाकडी पाचरी असतात. त्या ढिल्या होऊन खाली पडतात आणि कॅनव्हास व खालची पट्टी यांच्यामध्ये अडकून बसतात, त्यामुळे चित्राच्या खालच्या कडेला पुढून फुगवटा दिसतो. अनेक जण तो फुगवटा रंगाचा दोष समजतात. पाचर सहज निघत असेल तर काढून पाकिटात ठेवावी, अडकलेली असेल तर ओढू नये.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. ‘आमच्याकडे रवि वर्म्यांचे चित्र आहे’ असे सांगणाऱ्या बहुतेक घरांत प्रत्यक्षात छापील चित्र असते. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची, पुराणप्रसंगांची ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी शिळाछाप चित्रे घरोघरी पोहोचली. यांपैकी काहींवर कॅनव्हाससारखा पोत उठवलेला असतो आणि वर वॉर्निशही असते, म्हणून नुसता पोत पाहून निर्णय करू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन चेहऱ्याचा किंवा आकाशाचा भाग पाहावा. रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसला तर ते छापील आहे. ब्रशचा ओघ आणि एका रंगावर चढलेला दुसरा रंग दिसला तर पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे. जुन्या ओलिओग्राफलाही स्वतःची किंमत असते, तेव्हा छापील निघाले म्हणून ते टाकून देऊ नये. मूळ तैलचित्र कसे दिसते याचा डोळ्यांना सराव हवा असेल तर सातारा जिल्ह्यातच, खटाव तालुक्यातील औंधला जावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रवि वर्म्यांची मूळ चित्रे आहेत. तिथे तासभर थांबून चित्राच्या पृष्ठभागाकडे तिरप्या नजरेने पाहिले, तर पुस्तकातून न कळणारे पुष्कळ कळते.

तिसरी पायरी : नोंदवही

नोंदीसाठी संगणक हवाच असे नाही. जाड बांधणीची, आखीव पानांची एक वही पुरते. नंतर ती संगणकावर उतरवता येते. प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्या चित्राला देऊ नये, चित्र विकले किंवा हरवले तरीही. क्रमांक मऊ पेन्सिलीने चौकटीच्या लाकडावर मागून लिहावा. कागदावरचे चित्र असेल तर मागे खालच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने. मी सुरुवातीला एका चित्रामागे बॉलपेनने ठसठशीत क्रमांक टाकला होता. आज तिरप्या उजेडात त्या चित्रातल्या आकाशात उलटा ‘४’ उठलेला दिसतो.

कोणत्या गोष्टी नोंदवायच्या याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ या नावाने प्रसिद्ध झाले. चोरीस गेलेली कलावस्तू ओळखता यावी हा त्याचा हेतू असल्याने ते घरगुती संग्रहालाही उपयोगी पडते. वस्तूचा प्रकार, साहित्य व तंत्र, मापे, सही आणि लिखित खुणा, ओळख पटवणाऱ्या विशेष खुणा, शीर्षक, विषय, काळ, कर्ता आणि छायाचित्रे एवढे त्यात येते. आमच्या वहीतील एक नोंद नमुन्यासाठी देतो :

‘क्रमांक ७. जलरंग, कागदावर. २७.४ × ३७.८ सेंमी., उंची आधी, फ्रेमशिवाय. विषय : नदीचा घाट, डावीकडे तीन पायऱ्या पाण्यात, उजवीकडे होडी. शीर्षक चित्रावर नाही. घरात “घाटावरची सकाळ” म्हणतात. खाली उजवीकडे ब्रशने “ग. वि.”, मागे पेन्सिलीने “शके १८७३”. विशेष खूण : होडीच्या टोकाशी रंगाचा ओघळ, साधारण ६ मिमी. स्थिती : वरच्या कडेला तपकिरी ठिपके. कोठून आले : वडिलांनी प्रदर्शनातून घेतले, असे आई सांगत असे, पावती नाही. मागची मूळ चिठ्ठी फ्रेम बदलताना नष्ट.’

या नोंदीत दोन पथ्ये पाळली आहेत. मापे मिलिमीटरपर्यंत आणि फ्रेम सोडून घेतली आहेत, कारण फ्रेम बदलते. आणि जे चित्रावर लिहिलेले आहे ते व जे घरात सांगितले जाते ते एकमेकांत मिसळलेले नाही. चित्रावरचा मजकूर शुद्धलेखनाच्या चुकांसह जसाच्या तसा उतरवावा. ऐकीव माहितीही जरूर लिहावी, पण ती कोणी आणि कधी सांगितली हे सोबत लिहावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींसमोर चित्र ठेवून त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवले तर अधिकच चांगले. आत्याबाईंना एकदा बोलते केले की चित्रासोबत सगळ्या भाऊबंदकीचा इतिहास निघतो; त्यातला चित्रापुरता भाग वहीत घ्यावा.

पावती, प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, चित्रकाराचे पत्र, वर्तमानपत्रातील कात्रण, चित्र मागे दिसत असलेला जुना कौटुंबिक फोटो यांना त्या चित्राचाच क्रमांक देऊन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. लग्नाच्या गटफोटोत भिंतीवर चित्र दिसत असेल तर त्या साली ते तुमच्या घरात होते याचा तो पुरावा ठरतो. चित्रकार हयात असेल तर त्याला चित्र किंवा त्याचा फोटो दाखवून तारीख घातलेले आणि सहीचे पत्र घ्यावे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

चौथी पायरी : छायाचित्रे

चांगला फोन पुरेसा आहे. चित्र खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असे ठेवावे, फ्लॅश बंद करावा आणि कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर, चित्राला समांतर धरावा. एका फोटोत चित्राशेजारी मोजपट्टी आणि पांढऱ्या-करड्या रंगाचा कागद ठेवावा, म्हणजे रंग किती खरा आला हे पुढे ताडता येते. पुढचा पूर्ण भाग, फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय, पूर्ण पाठ, चारही कोपरे, सही, प्रत्येक लेबल, आणि प्रत्येक दोष, असे फोटो घ्यावेत. त्यानंतर खोली अंधारी करून विजेरीचा उजेड एका बाजूने, चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकावा. एरवी न दिसणारे फुगवटे, सुटू पाहणारे पापुद्रे आणि जुन्या दुरुस्त्या या उजेडात उठून दिसतात.

फोटोच्या फाइलला चित्राचा क्रमांक आणि तारीख द्यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपावी किंवा पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

पाचवी पायरी : जागा निवडणे

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत हवामानाची दोन टोके आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पश्चिमेच्या पट्ट्यात पावसाळ्यात भिंती महिनोन्‌महिने ओल सोडत नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत भागात उन्हाळ्याची कोरडी हवा आणि धूळ यांचा त्रास असतो. म्हणून एका घरात मानवलेली व्यवस्था दुसऱ्या तालुक्यात तशीच चालेल असे नाही. संग्रहालये साधारणपणे सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतील ओलाव्याचे प्रमाण, ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. घरात ते साधणे कठीण असले, तरी आर्द्रता वारंवार आणि झपाट्याने वरखाली होणार नाही एवढे पाहता येते, आणि चित्राला खरा अपाय या चढउताराने होतो. कॅनव्हास, त्यावरचा सरसाचा थर आणि रंगाचा थर हे ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आखडतात. त्या ओढाताणीतून तडे जातात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. एक साधा आर्द्रतामापक आणून चित्राच्या खोलीत ठेवावा आणि आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहावा. वर्षभराने कोणती भिंत चांगली हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पश्चिमेच्या उन्हात तापणारी भिंत टाळावी. दगडी वाड्याच्या जाड भिंतीवर चित्र लावायचेच असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. देवघरासमोर आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर चित्र लावू नये. समईची काजळी, उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ मिळून जो चिकट थर बसतो तो काढणे तज्ज्ञालाही सोपे नसते.

उजेडाने झालेली हानी भरून निघत नाही. जलरंग, शाई, पेस्टल अशा कागदावरील चित्रांसाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही संग्रहालयांत पाळली जाणारी मर्यादा आहे. उजळलेल्या दिवाणखान्यात खिडकीजवळ याच्या कित्येक पट प्रकाश असतो. जलरंगचित्र बोळात किंवा आतल्या खोलीत लावावे, किंवा वर्षातून काही महिने भिंतीवर आणि उरलेले महिने कपाटात ठेवावे. फ्रेमच्या माथ्यावर बसवायचे गरम होणारे दिवे लावू नयेत.

न लावलेल्या चित्रांसाठी पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा आहे, आणि नेमकी तीच सर्वांना आठवते. त्याखालोखाल प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवणे; आत अडकलेला ओलावा तिथेच पाणी होऊन बसतो. चित्र धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून, आतल्या खोलीतील कपाटात, जमिनीपासून वर, उभे ठेवावे. कागदावरची सुटी चित्रे आडवी ठेवावीत, गुंडाळी करू नये. डांबरगोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नयेत आणि कीटकनाशक चित्रावर फवारू नये. कसर आणि वाळवी यांवर वेळेवर केलेली पाहणी हाच खात्रीचा उपाय आहे. फ्रेमच्या मागे बारीक भुसा किंवा मातीची रेघ दिसली तर ते चित्र त्याच दिवशी इतरांपासून वेगळे करावे.

सहावी पायरी : स्वच्छता

रंग घट्ट बसलेला आहे याची खात्री असेल, तर बकरीच्या केसांच्या रुंद मऊ ब्रशने वरून खाली हलकेच धूळ झटकावी. याहून अधिक काहीही घरी करू नये. ओले फडके, बटाट्याची किंवा कांद्याची फोड, पावाचा गर, खोबरेल तेल, जवसाचे तेल, काच पुसायचा फवारा हे सर्व उपाय आपल्याकडे आत्मविश्वासाने सांगितले जातात आणि प्रत्येकाने चित्रे बिघडलेली आहेत. तेल लावल्यावर तैलचित्र दोन दिवस खुलून दिसते; नंतर ते तेल पिवळे पडते, धूळ धरते आणि खालच्या रंगाशी असे एकजीव होते की काढताना मूळ रंग निघण्याची भीती असते. पिसांच्या झाडणीचे मोडके टोक उचललेल्या पापुद्र्यात अडकते, म्हणून तीही नको. काच असेल तर फडक्यावर थोडे पाणी घेऊन काच पुसावी. काचेवर फवारा मारल्यास पाणी फ्रेमच्या कडेतून आत झिरपते.

सातवी पायरी : फ्रेमवाल्याकडे जाताना

कागदावरील चित्राला सर्वाधिक इजा मागच्या स्वस्त पुठ्ठ्याने होते. त्यातील आम्ल कागदात उतरते आणि काही वर्षांत कागद तपकिरी, ठिसूळ होतो. माउंटच्या (चित्राभोवती बसवलेल्या, मधे खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या) खिडकीच्या कडेने पिवळी चौकट उमटली असेल तर हेच घडते आहे असे समजावे. आम्लविरहित माउंटबोर्ड आता मोठ्या शहरांत मिळतो, आणि दुकानात नसेल तर आपण आणून द्यावा. चित्र काचेला टेकता कामा नये. ते पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवू नये, वरच्या कडेला जपानी कागदाच्या लहान बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून टांगावे. फेव्हिकॉल, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना साफ नकार द्यावा. लॅमिनेशन केलेले चित्र पुन्हा मूळ अवस्थेत आणणे जवळजवळ अशक्य असते.

हे सर्व तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि त्यात पहिले वाक्य असे असावे : ‘जुन्या फ्रेममधून निघालेला प्रत्येक कागद, पुठ्ठा, खिळा आणि चिठ्ठी परत द्यावी.’ शक्य असल्यास जुनी फ्रेम उघडताना स्वतः समोर बसावे. चहा पिऊन होईपर्यंत ते काम होते.

आठवी पायरी : तज्ज्ञाला कधी बोलवावे

कॅनव्हास फाटला, रंग सुटू लागला, बुरशी आली किंवा वॉर्निश इतके काळवंडले की चित्र दिसेनासे झाले, तर संवर्धक हवा. चित्रकार हवा असे नव्हे. चांगला चित्रकार पडलेला भाग सुरेख रंगवून देईल, पण तो मूळ रंगावर आपला रंग चढवील, आणि जाणकार ग्राहकाच्या लेखी तिथेच चित्राची किंमत उतरते. फाटलेल्या कॅनव्हासला मागून चिकटपट्टी लावू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, इंटॅक ही संस्था संवर्धनाचे काम करते, आणि लखनौ येथे १९७६ पासून सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. योग्य माणूस शोधण्यास तिथून सुरुवात करता येते. काम देण्याआधी लेखी अहवाल आणि खर्चाचा अंदाज मागावा, वापरलेले साहित्य पुढे काढता येण्यासारखे असावे असा आग्रह धरावा आणि कामाआधीची, कामादरम्यानची व नंतरची छायाचित्रे घेऊन ती नोंदवहीला जोडावीत. झालेली दुरुस्ती विकताना लपवू नये. अतिनील दिव्याखाली ती बहुधा दिसतेच.

नववी पायरी : कायदा आणि किंमत

शंभर वर्षे किंवा त्याहून जुने चित्र हे पुरावस्तू आणि कला खजिना अधिनियम, १९७२ नुसार पुरावस्तू ठरते. कागद, कापड, लाकूड अशा पृष्ठभागांवरील चित्रे नोंदणीच्या अधिसूचित प्रकारांत येतात. त्यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, मालकी बदलल्यास कळवावे लागते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रवि वर्मा, अमृता शेर-गिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी या नऊ चित्रकारांची चित्रे कला खजिना म्हणून जाहीर झालेली असल्याने तीही देशाबाहेर विकता येत नाहीत. चित्र विकत घेतले म्हणजे त्याचे हक्क मिळाले असे होत नाही; चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो, म्हणून दिनदर्शिकेवर छापण्याआधी परवानगी घ्यावी. प्राप्तिकरासाठी चित्र ही घरगुती वापराची वस्तू धरली जात नाही आणि विक्रीवरील नफ्याला कर लागतो, तेव्हा खरेदीची पावती जपण्याचे हेही एक कारण आहे. रक्कम मोठी असेल तर सनदी लेखापालाला आधी विचारावे.

किमतीचा अंदाज घेताना जो चित्र विकत घेऊ इच्छितो त्याच्याकडूनच मूल्यांकन करून घेऊ नये. विम्यासाठीचे मूल्य आणि विक्रीतून हाती पडणारी रक्कम वेगवेगळी असते, म्हणून मूल्यांकन कोणत्या कारणासाठी, कोणी आणि कोणत्या तारखेला केले हे लिहून घ्यावे.

दहावी पायरी : पावसाळ्याआधी आणि पुरात

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा दसऱ्यानंतर सर्व चित्रे उतरवून, वहीतील मागच्या नोंदीशी ताडून पाहावीत. फोटोच्या छापील प्रतीवर लाल पेनने दोषाची जागा दाखवून तारीख घालण्याची पद्धत सोयीची आहे. तडा वाढला की नाही हे आठवणीवर राहत नाही.

कृष्णाकाठच्या घरांना याखेरीज पुराची तयारी हवी. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा आले. नदीजवळच्या घरात तळमजल्यावर चित्रे ठेवूच नयेत, आणि ठेवली असतील तर इशारा पातळीची बातमी येताच वर हलवावीत. आधी कोणती न्यायची याचा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा, कारण त्या रात्री विचार करायला कोणाला उसंत नसते.

चित्र भिजलेच, तर उन्हात वाळवू नये आणि इस्त्री किंवा केस वाळवायचे यंत्र वापरू नये. तैलचित्र चौकटीवरून न काढता, रंगाची बाजू वर करून, आडवे, सावलीत ठेवावे. कागदाची चित्रे एकमेकांना किंवा काचेला चिकटली असतील तर ओढून सोडवू नयेत. सुटी असतील ती टीपकागदावर पसरावीत आणि तो कागद वारंवार बदलावा. पंखा खोलीत हवा खेळती राहील इतपतच चालवावा, त्याचा झोत चित्रावर नको. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात सर्व कागद वाळवणे शक्य नसेल तर ते स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवता येतात आणि नंतर संवर्धकाच्या सल्ल्याने एकेक काढता येतात. तैलचित्राला हा उपाय लागू नाही.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. २०१९ ला आम्ही सगळी चित्रे वेळेत वरच्या मजल्यावर नेली, सात क्रमांकही कोरडा राहिला. नोंदवही मात्र खालच्या कपाटात, सर्वांत तळच्या कप्प्यात राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा शाईने लिहिलेली पाने निळ्या डागांची झाली होती आणि पेन्सिलीने लिहिलेली पाने मात्र वाचता येत होती. आता वही पेन्सिलीने लिहिली जाते, चित्रांच्याच कपाटात राहते, आणि तिची झेरॉक्स दर दिवाळीला पुण्याला बहिणीकडे जाते.